कार्डांचा कारभारी : जेफरसन बर्डिक

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्यूझियममध्ये मुद्राचित्रांचा एक मोठा विभाग आहे. ड्यूररचे लाकडी ठसे, रेम्ब्रांची एचिंग्ज, गोयाच्या चित्रमालिका अशी जगातली नामांकित छापील चित्रे तिथे जपून ठेवली आहेत. त्याच विभागात शेकडो जाडजूड आल्बम आहेत. त्यांत काय आहे? सिगारेटच्या पाकिटातून, गोळ्यांच्या पुडीतून, च्युइंग गमच्या वेष्टनातून फुकट मिळालेली चित्रकार्डे, दुकानदारांची जाहिरातपत्रे, पोस्टकार्डे. संख्या तीन लाखांच्या वर. त्यांपैकी तीस हजारांहून अधिक कार्डे एकट्या बेसबॉल खेळाडूंची!

हा सारा पसारा एका माणसाने जमवला, वर्गवार लावला, स्वतःच्या हातांनी आल्बमात चिकटवला आणि म्यूझियमला देऊन टाकला. तो ना श्रीमंत होता, ना कलापंडित. सिरॅक्यूज शहरातल्या एका कारखान्यात विजेच्या साहित्याचे सुटे भाग जुळवणारा तो साधा कामगार. जेफरसन बर्डिक त्याचे नाव. आपल्याकडे ते फारसे कानावर येत नाही. पण कार्डे जमवणाऱ्यांच्या दुनियेत आजही ते नाव आदराने घेतात. छंदिष्ट माणसे जगात पुष्कळ असतात, त्यांच्यावर लेख लिहीत बसायचे तर वार्षिकांक पुरणार नाही. बर्डिकवर लिहावेसे वाटले त्याला कारण निराळे. वस्तू जपायची म्हणजे तिच्यातले नेमके काय जपायचे, ह्या प्रश्नाला त्याने आपल्या आयुष्याने एक उत्तर दिले. ते उत्तर आजच्या बाजाराला मुळीच मानवणारे नाही, आणि मलाही ते सगळेच्या सगळे पचलेले नाही.

आधी ह्या कार्डांविषयी थोडे सांगितले पाहिजे. त्यांचा जन्म कलेतून झाला नाही, गरजेतून झाला. १८८०च्या सुमारास अमेरिकेत सिगारेटी मऊ कागदी पाकिटातून विकल्या जात. पाकीट खिशात चुरगळे आणि आतल्या सिगारेटी मोडत. म्हणून आत एक ताठ पुठ्ठ्याचा तुकडा घालू लागले. आता पुठ्ठा घालायचाच, तर तो कोरा कशाला? त्याच्यावर नटी छापली, योद्धा छापला, पक्षी छापले, राष्ट्रांची निशाणे छापली, खेळाडू छापले. शंभर-पन्नासांचा संच ठरवून दिला, म्हणजे गिऱ्हाईक संच पुरा होईपर्यंत दुसरीकडे जाणार नाही. रिचमंडच्या ॲलन अँड गिंटर कंपनीची १८८७ची रंगीत कार्डे पाहिली तर शिळाछापाचे ते काम आजही डोळ्यांत भरते. तेव्हा सिगारेटी यंत्रावर वळल्या जाऊ लागल्या होत्या, माल अमाप निघत होता आणि तो खपवायला ही चिटुकली चित्रे धावून आली. १८९०मध्ये मोठ्या कंपन्यांनी एकत्र येऊन अमेरिकन टोबॅको कंपनी काढली. स्पर्धाच उरली नाही तशी कार्डांची गरजही ओसरली. पुढे १९०९च्या सुमारास पुन्हा लाट आली. गोळ्या-चॉकलेटवाल्यांनी तोच कित्ता गिरवला आणि १९३०नंतर च्युइंग गमवाल्यांनी. आपल्याकडेही हे लोण आले होते. विल्स कंपनी सिझर्स छापाच्या सिगारेटींबरोबर हिंदुस्थानात अशी कार्डे वाटत असे.

बर्डिक जन्मला १९०० साली, न्यूयॉर्क राज्यातल्या सेंट्रल स्क्वेअर नावाच्या खेडेगावी. घरी शेती. तो दहा वर्षांचा झाला तेव्हा कार्डांची दुसरी लाट ऐन भरात होती. गावातली पोरे वडिलांनी कुठल्या छापाची सिगारेट ओढावी हे ठरवत; हव्या त्या संचातली कार्डे ज्या पाकिटात, ते पाकीट घरी आले पाहिजे! बापाच्या फुप्फुसांचा विचार त्या काळी कोणी करीत नसे. बर्डिकनेही पोरवयात कार्डे जमवली, आणि बहुतेक पोरांचे होते तसे मोठेपणी ते मागे पडले. १९२२मध्ये तो सिरॅक्यूज विद्यापीठातून बाहेर पडला. पुढे क्राउस-हिंड्स ह्या विजेचे साहित्य बनवणाऱ्या कंपनीत लागला आणि तिथेच राहिला. लग्न केले नाही. भाड्याच्या जागेत राहणे, कारखान्यात जाणे, परत येणे. चरित्रकाराने काय लिहावे असे हे चरित्र!

तिशी ओलांडली आणि दोन गोष्टी त्याच्या आयुष्यात जवळजवळ एकदम आल्या. एक संधिवात. दुसरी, लहानपणची कार्डे. संधिवात असा जडला की तो मरेपर्यंत सुटला नाही. बोटे वाकडी होत गेली, हालचाल आखडत गेली. आणि बोटे निकामी होत असतानाच ह्या माणसाने अडीच-तीन इंचांचे कागद हाताळण्याचे काम अंगावर घेतले. दैवाची थट्टा म्हणायची की माणसाची जिद्द, ते ज्याचे त्याने ठरवावे.

१९३०नंतरच्या त्या काळात कार्डांची स्थिती काय होती? जुनी कार्डे माळ्यावरच्या पेट्यांत, आजीच्या चिकटबुकांत, तुटक्या फळ्यांच्या मागे पडलेली. जमवणारे थोडे, एकमेकांना अनोळखी. आणि सर्वांत मोठी अडचण म्हणजे ह्या वस्तूंना नावेच नव्हती. अनेक कार्डांवर कंपनीचे नाव नाही, साल नाही, संचात एकूण किती कार्डे ते नाही. एका गृहस्थाने दुसऱ्याला पत्र लिहून पांढऱ्या कडेची बेसबॉल कार्डे मागावीत, तर कुठली पांढऱ्या कडेची? पांढरी कड असलेले संच तर ढिगाने! ज्या वस्तूला नाव नाही तिची देवघेव होत नाही, तिची किंमत ठरत नाही आणि ती हरवली तर हरवली हेसुद्धा कळत नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही गोष्ट लगेच पटेल. ज्या दफ्तराची यादी नाही ते दफ्तर असून नसल्यासारखे.

बर्डिकने यादी करायला घेतली. छंदाच्या मासिकांतून लेख लिहिले, देशभरच्या संग्राहकांशी पत्रव्यवहार जमवला, १९३७मध्ये कार्ड कलेक्टर्स बुलेटिन नावाचे छोटेसे पत्रक सुरू केले. १९३९मध्ये त्याची पहिली सूची निघाली. तीच वाढत वाढत अमेरिकन कार्ड कॅटलॉग ह्या नावाने १९४६, १९५३ आणि १९६० साली प्रसिद्ध झाली. तिची रचना इतकी सोपी आहे की हे आधी कुणाला सुचले कसे नाही असे वाटते. एकोणिसाव्या शतकातल्या तंबाखूच्या कार्डांना एन् हे अक्षर, विसाव्या शतकातल्या तंबाखूच्या कार्डांना टी, जुन्या गोळ्या-चॉकलेटच्या कार्डांना ई, अलीकडच्या गमच्या कार्डांना आर, पावाबरोबर मिळणाऱ्यांना डी. अक्षरापुढे संचाचा क्रमांक. झाले! ती पांढऱ्या कडेची, १९०९ ते १९११ मध्ये निघालेली बेसबॉलची कार्डे आता टी २०६ झाली. ओल्ड जज सिगारेटींची, पुठ्ठ्यावर खरे फोटो डकवलेली १८८०नंतरची कार्डे एन् १७२ झाली. आजही लिलावाच्या यादीत ह्याच संज्ञा असतात. लाखो डॉलर मोजणाऱ्या गिऱ्हाइकाला टी म्हणजे काय ते ठाऊक असते. ते अक्षर कुणी घातले ते ठाऊक असेलच असे नाही.

माझ्या मते बर्डिकचे खरे संरक्षणाचे काम इथेच झाले. आल्बम नंतर आले. आधी नाव, मग पेटी.

गंमत अशी की ज्या बेसबॉलच्या कार्डांमुळे त्याचे नाव गाजते त्या खेळाचे त्याला वेड नव्हते. तो बेसबॉलच्या सामन्याला कधी गेलाच नाही असे सांगतात. पक्षी, नट्या, जहाजे, लाल इंडियनांचे सरदार, साबणाच्या जाहिराती, सगळे त्याला सारखेच. लोकांच्या हातात रोज काय पडत होते, त्यांना कुठली चित्रे आवडत होती, व्यापारी त्यांना कशाने भुलवत होते, ह्याचा हा छापील पुरावा आहे अशी त्याची धारणा. विद्यापीठांना हे पटायला पुढे बराच काळ जावा लागला.

आता कार्डांच्या शत्रूंकडे वळू. पहिला शत्रू कागद स्वतः. लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त पुठ्ठ्यात आम्ल तयार होते, पुठ्ठा पिवळा पडतो आणि ठिसूळ होतो. दुसरा उजेड. ओल्ड जजची कार्डे म्हणजे फोटोच. उन्हात ठेवली की चेहरे पुसट होत जातात. तिसरा दमटपणा. हा तर आपल्याला शिकवायला नको. कोकणात आमच्या मामांनी काडेपेट्यांचे छाप पत्र्याच्या डब्यात घट्ट झाकण लावून ठेवले होते. एका पावसाळ्यात डब्याने आत ओल धरली आणि चारशे छापांची एक वीट झाली. मग कसर, झुरळे. मग रबरबँड, जो गठ्ठा नीट राहावा म्हणून लावतात आणि जो कडांना खाचा पाडतो. गमच्या पुडीतल्या कार्डाला गमचा आणि मेणकागदाचा डाग. मऊ प्लॅस्टिकचे खिसे तर वरून साळसूद दिसतात, पण त्यांतले पीव्हीसी काही वर्षांनी पाझरते आणि चिकट होऊन छपाई धरते. आज जाणकार लोक पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरचे पातळ पाकीट वापरतात, त्याबाहेर ताठ कवच, आणि पेटी घराच्या मधल्या कोरड्या खोलीत, बाहेरच्या भिंतीपासून दूर. माळा नको, तळघर नको. हवेतली आर्द्रता निम्म्याच्या खाली आणि शक्य तितकी स्थिर. उन्हाळा-पावसाळ्याचा चढउतार कागदाला सर्वांत बाधतो.

आणि कारखानदार? तोही शत्रूच. टॉप्स कंपनीने १९५२ साली काढलेल्या कार्डांचे न खपलेले खोके १९६०मध्ये पडावात घालून समुद्रात बुडवले, असे ती कार्डे तयार करणाऱ्या गृहस्थांनीच पुढे सांगितले. त्याच १९५२च्या संचातले मिकी मँटल ह्या खेळाडूचे एक कार्ड २०२२ साली १ कोटी २६ लाख डॉलरना गेले!

परंतु बर्डिकला सर्वांत भय वाटत होते ते आणखी निराळ्याच शत्रूचे. संग्राहक मरतो, आणि वारस संग्रह फुंकून टाकतात. चाळीस वर्षांत जुळवलेले चार दिवसांत चारशे घरी जाते. कागद शाबूत राहतो, संग्रह मरतो. स्वतः तर एकटा, आजारी, मागे कोणी नाही. तेव्हा १९४७मध्ये त्याने थेट मेट्रोपॉलिटन म्यूझियमशी बोलणे सुरू केले. मुद्राचित्र विभागाचे प्रमुख होते ए. हायट मेयर. दुसरा कोणी असता तर त्याने सिगारेटच्या कार्डांना विनयाने नकार दिला असता. मेयर रसिक होते, मुद्राचित्र ही मुळात सामान्य माणसाची कला आहे असे मानणारे होते. त्यांनी होकार दिला, पण एक अट घातली : संग्रह लावून, वर्गवार करून द्यायचा. विभागात तेवढी माणसे नव्हती, आणि हे काम जाणणारा माणूस जगात एकच होता.

त्या अटीने बर्डिकचे उरलेले आयुष्य व्यापले. सुरुवातीला तो सिरॅक्यूजहून हप्त्याहप्त्याने कार्डे पाठवी आणि जमेल तेव्हा येऊन काम करी. १९५०च्या दशकाच्या अखेरीस, नोकरी झेपेनाशी झाल्यावर, तो न्यूयॉर्कलाच येऊन राहिला. विभागातल्या एका टेबलाशी तो बसे. गठ्ठा सोडायचा, कार्डे क्रमाने मांडायची, पानावर जागा ठरवायची, चिकटवायची. पान उलटायचे. सांधे इतके धरलेले की अंगात कोट चढवणेही कष्टाचे. ज्या बोटांना बटण लागत नाही त्या बोटांनी टपाल तिकिटापेक्षा थोडी मोठी चित्रे सरळ रेषेत लावायची! काम संपणार की माणूस, अशी ती शर्यत होती, आणि ती त्याला माहीत होती.

इथे मला थांबावे लागते. कारण त्याने कार्डे चिकटवली. आजच्या कुठल्याही संग्राहकाला हे सांगा, तो कानांवर हात ठेवील. चिकटवलेल्या कार्डाची बाजारातली प्रत खाली येते. त्याहून गंभीर बाब अशी की कार्डाची पाठ पानाला टेकते. टी २०६च्या कार्डांच्या पाठीवर सिगारेटचे नाव छापलेले असते, पीडमाँट, स्वीट कॅपोरल आणि असे कितीतरी छाप, आणि कुठला खेळाडू कुठल्या पाठीबरोबर येतो ह्यावर अभ्यासकांनी वर्षे घालवली आहेत. पाठ झाकली की अर्धे कागदपत्र झाकले गेले. म्यूझियमच्याच जुन्या रिवाजाप्रमाणे मौल्यवान चित्र सबंध चिकटवत नाहीत. जपानी कागदाची बारीकशी बिजागरी करून, गव्हाच्या खळीने, पुढे सोडवता येईल अशा बेताने लावतात. ज्याने आयुष्य कागद सांभाळण्यात घालवले त्याने डिंकाची बाटली उघडावी, हे मनाला लागते.

पण दुसरी बाजू पाहा. तीन लाख वस्तू, एक माणूस, वाकडी बोटे आणि मोजके दिवस. प्रत्येकीला बिजागरी करीत बसता तर दहावा हिस्साही पुरा झाला नसता, आणि उरलेले नऊ हिस्से खोक्यांत, क्रमाशिवाय, म्हणजे पुन्हा बेनाव होऊन पडले असते. शिवाय चिकटवलेले कार्ड सुटे विकता येत नाही. ते आपल्या शेजाऱ्याजवळ, आपल्या संचात, आपल्या क्रमांकाखाली राहते. बर्डिकला कार्डाचा कोपरा टोकदार राहण्यापेक्षा त्याचा शेजार शाबूत राहणे महत्त्वाचे वाटले. मला पाठीचे दुःख आहेच. तरीही त्याच्या जागी बसून मला दुसरा मार्ग सुचत नाही.

बाजाराने मात्र नेमका उलटा रस्ता धरला. होनस वॅग्नर हा पिट्सबर्गचा थोर खेळाडू. टी २०६ संचातले त्याचे कार्ड छापायला सुरुवात झाली आणि लवकरच ते काढून घेण्यात आले. कोणी म्हणतात पोरांनी त्यासाठी तंबाखू घ्यावी हे त्याला नको होते, कोणी म्हणतात त्याला पैसे हवे होते. पन्नास-साठच प्रती आज माहीत आहेत. बर्डिकच्या सूचीत इतर कार्डांना काही सेंटांचा भाव होता तेव्हा ह्या कार्डाला पन्नास डॉलर लावलेले होते. १९९१मध्ये त्याची एक प्रत ४ लाख ५१ हजार डॉलरना विकली गेली. त्याच सुमारास कार्डांना एक ते दहा असे गुण देऊन त्यांना प्लॅस्टिकच्या बंद पेटीत कायमचे मोहोरबंद करणाऱ्या कंपन्या निघाल्या, आणि ही प्रत त्या पेटीत गेली. ह्या जातीतली सर्वांत निष्कलंक म्हणून ती मिरवली. पुढे २०१३ साली एका व्यापाऱ्याने न्यायालयात कबूल केले की तिच्या कडा त्याने कापून सरळ केल्या होत्या! जपणुकीच्या नावाखाली कात्री. २०२२ साली वॅग्नरची दुसरी एक प्रत ७२ लाख ५० हजार डॉलरना गेली. मोहोरबंद पेटीतले कार्ड धुळीपासून, बोटांपासून, वाकण्यापासून सुरक्षित राहते हे मान्य. पण ते बँकेच्या तिजोरीत पडते, एकटे, आणि हातोहात फिरते. त्याला पाहतो तो त्याचा गुण पाहतो.

बर्डिकच्या आल्बमातही वॅग्नरचे कार्ड आहे. आजूबाजूच्या खेळाडूंच्या रांगेत, त्याच मापाचे, त्याच पांढऱ्या कडेचे. म्यूझियम बेसबॉलची कार्डे थोडी थोडी, आळीपाळीने प्रदर्शनात मांडते. उजेडाने रंग उडू नयेत म्हणून काही महिन्यांनी ती परत अंधारात जातात आणि दुसरी येतात. संग्रहातील पुष्कळशा कार्डांची छायाचित्रे आता म्यूझियमने संगणकावर सर्वांना खुली केली आहेत, म्हणजे मूळ कागदाला हात न लावता आपण इथे बसून ती पाहू शकतो. मी ती तशीच पाहिली.

१० जानेवारी १९६३ रोजी बर्डिकने काम पुरे केले. पंधरा वर्षांचे काम. टेबलावरचे आवरले, आपण आता पुन्हा येणार नाही असे विभागात सांगितले आणि तो निघून गेला. दुसऱ्या दिवशी तो रुग्णालयात दाखल झाला. १३ मार्चला वारला. वय बासष्ट-त्रेसष्ट.

म्यूझियममध्ये प्रत्येक वस्तूला दाखल क्रमांक असतो. बर्डिकच्या सगळ्या कार्डांचा क्रमांक ६३.३५०ने सुरू होतो; त्यातले ६३ म्हणजे १९६३. पुढे आल्बमचा आकडा येतो, आणि त्याच्या पुढे, ओल्ड जजच्या कार्डांना १७२ आणि पांढऱ्या कडेच्या कार्डांना २०६.